टाळी नेमकी कुठे पडते?

‘यंदा अंकासाठी एखादा टीकालेख द्या,’ असे संपादकांचे पत्र आले तेव्हा मला हसू आले. टीका लिहायची तर पदव्या हव्यात, निदान चार जाडजूड ग्रंथ तरी पचवलेले हवेत, असा आपल्याकडे समज आहे. मी दहावीपर्यंत शिकलेली, कुर्ल्याच्या नेहरूनगरात बालवर्गाला शिकवणारी बाई. नावावर चार कादंबऱ्या आहेत, पण कादंबऱ्या लिहून कुणी टीकाकार होत नाही. उलट टीकाकारांविषयी मनात थोडी अढीच बसते. तरीही लिहायला बसले आहे, कारण एकदा एका सोळा वर्षांच्या मुलीने माझ्या रसिकतेची परीक्षा घेतली आणि तीत मी साफ नापास झाले. या लेखात टीका आहे ती प्रेक्षकावर. आणि तो प्रेक्षक प्रथम मीच आहे.

मला पहिल्यापासून वेड होते ते बर्फावरच्या नाचाचे, म्हणजे फिगर स्केटिंगचे. आता कुर्ल्याच्या माणसाचा आणि बर्फाचा संबंध काय? कोळणीच्या पाटीतला चुरा आणि शाळेबाहेरचा गोळा, एवढाच! पुढे आमच्याकडे मॉल झाला आणि पैसे भरून बर्फात खेळण्याची सोयही झाली, पण ते फार नंतर. १९९८ साली, नुकतीच शाळा संपवून मी घरी बसले होते, तेव्हा शेजाऱ्यांच्या टीव्हीवर जपानमधल्या नागानो इथल्या हिवाळी ऑलिंपिकचे तुकडे पाहिले. त्यात फ्रान्सची सूर्या बोनाली होती. पाच वेळा युरोपची विजेती झालेली ही खेळाडू त्या वर्षी दुखापतीने बेजार होती. पदक हातचे गेले आहे हे कळून चुकल्यावर तिने भर स्पर्धेत हवेत मागे कोलांटी घेतली आणि ती एका पायावर, एका पात्यावर उतरली. अशी कोलांटी नियमाने वर्ज्य होती. परीक्षकांनी गुण कापले, ती दहावी आली. पण शेवटी ती परीक्षकांकडे पाठ फिरवून प्रेक्षकांकडे तोंड करून उभी राहिली, तेव्हा आमच्या चाळीतल्या त्या खोलीतही टाळ्या पडल्या. मी तर उभी राहून वाजवल्या.

तेव्हापासून माझी पक्की समजूत झाली की, परीक्षक म्हणजे कोरडा माणूस आणि टाळी म्हणजे खरा न्याय. ही समजूत मी वीस वर्षे जपली.

बर्फ काही आमच्या वाटेला येणार नव्हता. पण शरीराने काव्य लिहिण्याची आपली स्वतःची कला आहे आणि ती मराठी मातीतली आहे, हे मला नेहरूनगरातल्या एका गणेशोत्सवात उमगले. मंडपासमोर उंच चौकटीला सुताचा एक दोर टांगला होता आणि एक मुलगी त्यावर चढत होती. दोरीचा मल्लखांब! दोराला कुठे गाठ नाही, खाली आधार नाही. पायाचा अंगठा आणि शेजारचे बोट यांच्या चिमटीत दोर धरायचा, कंबरेला, मांडीला त्याचे वेढे घ्यायचे आणि अधांतरी पद्मासन घालून असे बसायचे की जणू खाली देव्हाऱ्यापुढचा पाटच आहे. मी त्या मुलीची भक्त झाले. नाव सांगत नाही; ती आता संसाराच्या आणि नोकरीच्या धबडग्यात आहे, तिला ते आवडायचे नाही.

मल्लखांबाची कथा आपल्या घराघरांत ठाऊक असायला हवी. ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकातल्या ग्रंथात खांबावरच्या व्यायामाचा उल्लेख सापडतो. पण आज आपण जो मल्लखांब पाहतो, तो एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी असलेल्या बाळंभटदादा देवधरांनी नावारूपाला आणला. निजामाच्या पहिलवानांशी झुंजण्याआधी ते वणीच्या सप्तशृंगीला जाऊन राहिले आणि तिथे मारुतीरायाच्या कृपेने त्यांना ही विद्या लाभली, अशी आख्यायिका आहे. आख्यायिका बाजूला ठेवली तरी एक गोष्ट उरते. हा खांब मुळी दुसऱ्याला दाखवण्यासाठी नव्हता. पहिलवानाचा तो मुका जोडीदार होता. त्याच्यावर पकड करायची, ती सोडायची आणि सोडता सोडता दुसरी धरायची. कुस्तीत दोन पकडींच्या मधे जो रेंगाळला तो चीत झाला. हे मर्म मला ठाऊक होते, म्हणजे वाचलेले होते. वाचलेले डोळ्यांत उतरायला मात्र वेळ लागतो.

२०१८ च्या हिवाळ्यात माझी ती लाडकी खेळाडू एका स्पर्धेत उतरणार असल्याचे कळले. घाटकोपरला एका शाळेच्या पटांगणावर स्पर्धा होती. मी बेसनाच्या लाडवांचा डबा घेतला, स्वाक्षरीसाठी कोरी वही घेतली आणि शाळेतून अर्ध्या दिवसाची रजा काढून गेले. चाळिशीला टेकलेली बाई वही हातात धरून पोरींच्या घोळक्यात उभी! पण भक्ताला लाज कसली?

तिचा संच जेमतेम दीड मिनिटाचा. अर्ध्यावर तिने दोन्ही पाय मानेमागे नेऊन अधांतरी निद्रासन केले आणि पटांगण टाळ्यांनी दणाणले. त्यात माझ्या टाळ्या सर्वांत मोठ्या होत्या. निकालात मात्र ती चौथी आली. मी मनात परीक्षकांना लाखोली वाहिली आणि लाडवांचा डबा पुढे करत तिच्यापाशी गेले.

“अगं, काय तुझं ते निद्रासन! अंगावर काटा आला माझ्या. पहिला नंबर तुझाच होता.”

ती पाय चोळत पायरीवर बसली होती. अंगठ्याच्या बेचक्यातली कातडी सोलवटून लाल झाली होती. तिने लाडू घेतला, पण तोंडात घातला नाही.

“काकू, निद्रासनाच्या आधी काय झालं, पाहिलंत?”

“आधी?”

“दोर बोटांतून सुटला माझा. परत धरायला दोन क्षण थांबले. आणि निद्रासनातून निघताना गुडघा वाकला.”

“आम्हांला नाही बाई काही दिसलं.”

“तिथं कुणी बघतच नाही,” ती म्हणाली. आवाजात तक्रार नव्हती. पाऊस पडतोय म्हणावे तसे म्हणाली. “निद्रासन मला तीन महिन्यांत आलं होतं. त्यातून न थांबता पुढच्या पकडीत जायला दीड वर्ष लागलं. आज तेच बिघडलं. नंबर बरोबर आहे.”

तिने वहीत सही केली. मी ‘थँक्यू’ म्हटले आणि घाटकोपरहून कुर्ल्याला येईपर्यंत खिडकीतून बाहेर पाहत राहिले. वीस वर्षे मी स्वतःला रसिक समजत होते. ज्या कलेवर जीव टाकला तिच्यातले दीड वर्षाचे काम माझ्या डोळ्यांसमोर घडले, बिघडले आणि मला दिसलेदेखील नाही. मी टाळ्या वाजवल्या होत्या त्या तीन महिन्यांच्या कामाला.

वाचकहो, हा दोष माझ्या एकटीचा असता तर लेख लिहिण्याचे कारण नव्हते. पण हा आपल्या रसिकतेचा जुना दोष आहे. संगीत नाटकांच्या भरभराटीच्या काळी बालगंधर्वांच्या पदांना ‘वन्समोअर’वर ‘वन्समोअर’ पडत आणि नाटक पहाटेपर्यंत लांबे, हे आपण कौतुकाने सांगतो. त्या गळ्याचे कौतुक कोण करणार नाही? पण दुःखाने कोसळलेल्या नायिकेला तेच दुःख पुन्हा पहिल्यापासून गायला लावले की, त्या दुःखातून पुढच्या वाक्याकडे जाणारी वाट मोडते. प्रेक्षकाने पद मिळवले आणि नाटक गमावले.

माझ्या कादंबऱ्यांवर पत्रे येतात, तीही अशीच. ‘आईच्या मृत्यूचा प्रसंग वाचून रडलो,’ असे अनेक जण लिहितात. तो प्रसंग मी एका बैठकीत लिहिला होता. त्यानंतरच्या सकाळी घरात चहा कुणी ठेवायचा, या दोन पानांना मला चार महिने लागले. त्यांबद्दल आजवर एकही पत्र आलेले नाही. आणि खरे सांगायचे तर पत्रे वाचून वाचून मीही पुढच्या कादंबरीत मृत्यूचे प्रसंग वाढवले आणि चहाची पाने गाळली. ती कादंबरी अधिक खपली आणि ती वाईट आहे. चुकीच्या जागी पडलेली टाळी कलावंताला कशी हळूहळू बिघडवते, याचा याहून जवळचा पुरावा माझ्यापाशी नाही.

मग परीक्षकांचा तक्ताच खरा मानायचा का? त्याचीही गोष्ट बर्फावरच पाहण्यासारखी आहे. २००२ साली सॉल्ट लेक सिटीच्या ऑलिंपिकमध्ये जोड्यांच्या स्पर्धेत परीक्षकांच्या सचोटीवरच संशय आला आणि शेवटी दोन जोड्यांना सुवर्णपदक द्यावे लागले. सहा गुणांची जुनी पद्धत मोडीत निघाली आणि २००४ साली नवी आली. तीत प्रत्येक उडीला, प्रत्येक गिरकीला मोल ठरले. शिवाय एकूण सादरीकरणाचे पाच निकष होते आणि त्यांत एक निकष होता तो दोन करामतींमधल्या जोडांचा! माझ्या लाडक्या मुलीच्या त्या दीड वर्षासाठी तिकडे तक्त्यात स्वतंत्र रकाना होता. २०२२ साली पाचांचे तीन निकष झाले तेव्हा तो रकाना रचनेच्या निकषात विरून गेला. आणि जी कोलांटी बोनालीला भोवली, तिच्यावरची बंदीही २०२४ साली उठली. म्हणजे काल जो अपराध होता तो आज कसब ठरला. तक्ता हा माणसांनीच आखलेला असतो. त्यात रकाने येतात आणि जातात.

तेव्हा बोनालीसाठी वाजवलेली टाळी मी आजही परत घेणार नाही. एक माणूस हरत असताना आपल्या शरीराची मालकी स्वतःकडे ठेवतो, याला ती टाळी होती. पण ती टाळी तिच्या धैर्याला होती, तिच्या कलेला नव्हे. हा भेद मला तेव्हा कळला नव्हता. टीकाकाराचे पहिले काम हेच की, आपण नेमके कशाला भुललो ते त्याने ओळखावे. परीक्षक मोजतो, प्रेक्षक भारावतो; पण खेळाडूच्या बाजूला उभे राहून, दोर कुठे सुटतो हे जिव्हाळ्याने पाहणारा तिसरा एक जण लागतो. व्यायामशाळेत त्याला गुरुजी म्हणतात. साहित्यात त्याला टीकाकार म्हणायला हवे. आपल्याकडे मात्र टीकाकार कधी परीक्षकाच्या खुर्चीत बसतो, तर कधी प्रेक्षकांच्या घोळक्यात उभा राहतो. दोराजवळ तो क्वचित दिसतो.

पुढे दोनच महिन्यांनी, फेब्रुवारी २०१९ मध्ये, दादरच्या शिवाजी पार्कवर मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा भरली. पंधराएक देशांचे खेळाडू आले होते. शेजारीच श्री समर्थ व्यायाम मंदिर आहे. काळे गुरुजींनी १९२५ साली त्याची स्थापना केली. तिथूनच उदय देशपांड्यांनी हा खेळ देशोदेशी नेला आणि २०२४ साली त्यांना पद्मश्री मिळाली. १९३६ मध्ये अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक आपले खेळ दाखवायला बर्लिनला गेले होते. आता बर्लिनकडची माणसे आपल्या दारी येणार, याचा अभिमान मला कसा नसेल? २०२१ साली तर हिमानी परब या मुंबईच्या मुलीला अर्जुन पुरस्कार मिळाला.

पण त्या दिवशी मी अभिमान घरी ठेवून गेले होते. ठरवले होते की, आसने पाहायची नाहीत, मधल्या जागा पाहायच्या. सुरुवातीला काही दिसेना. डोळा सारखा चित्रांकडे धावे. तासाभराने हळूहळू दिसू लागले. कुणी दूर देशीची मुलगी अगदी साधी आसने करत होती, पण एका वेढ्यातून दुसऱ्या वेढ्यात अशी जात होती की सुरुवात कुठली आणि शेवट कुठला ते कळू नये. तिला फारशा टाळ्या पडल्या नाहीत. मी वाजवल्या, तेव्हा शेजारच्या गृहस्थांनी माझ्याकडे वळून पाहिले. त्यांना वाटले, बाईची चूक झाली.

त्याच उन्हाळ्यात मी माझ्या लाडक्या खेळाडूला पुन्हा भेटले. या वेळी स्पर्धा नव्हती. सरावाच्या जागी गेले होते. लाडू होते, वही नव्हती. तिने संच केला आणि खाली उतरली. मी घाबरत घाबरत म्हटले, “दुसऱ्या वेढ्यातून वर जाताना तू जरा थबकलीस का गं? मला तसं वाटलं.”

ती माझ्याकडे पाहत राहिली. वाटले, रागावली. मग म्हणाली, “हो. तिथंच घोळ होतोय सध्या.”

आभार नाहीत, हसू नाही. हाताला राळ लावली, दोर अंगठ्याच्या चिमटीत धरला आणि ती पुन्हा वर चढली. तेवढीच जागा तिने पुन्हा करून पाहिली.