विस्थापित कोणाला म्हणायचं?

खानदेशात 'विस्थापित' म्हटलं की डोळ्यांपुढे धरण येतं. हतनूर येतं, सरदार सरोवर येतं, अक्कलकुवा-अक्राणीतून उठून तळोदा-शहाद्याच्या बाजूला वसवलेली गावं येतात. त्यांचे हाल थोडे झाले असं कोणी म्हणणार नाही. पण त्यांच्या हातात एक कागद होता. महाराष्ट्राने प्रकल्पामुळे उठणाऱ्यांसाठी १९७६ साली कायदा केला, नंतर १९८६ आणि १९९९ साली नवे केले. कायद्यात व्याख्या आहे. व्याख्या आहे म्हणून दाखला मिळतो, आणि दाखला आहे म्हणून कलेक्टर कचेरीपुढे बसून भांडता येतं.

आज बोलायचं आहे ते दुसऱ्यांबद्दल. ज्यांचं घर पाण्याने नाही, बंदुकीमुळे सुटलं, आणि जे देशाच्या हद्दीतच राहिले, त्यांच्याबद्दल. त्यांच्यासाठी आपल्याकडे असा कायदा नाही. पॅकेज आहे, योजना आहे, सरकारी आदेश आहे. माझा आक्षेप बरोबर तिथेच आहे.

फाळणीचं उदाहरण घ्या. जळगावात सिंधी कॉलनी आहे, भुसावळला-धुळ्याला सिंधी कुटुंबं आली. त्यांनी इथे दुकानं थाटली ती स्वतःच्या हिमतीवर, हे खरंच. पण मागे सरकारही उभं होतं. केंद्रात वेगळं पुनर्वसन खातं होतं, १९५० साली दाव्यांचा कायदा झाला, १९५४ साली नुकसानभरपाईचा. राज्यघटनेच्या समवर्ती सूचीत २७ क्रमांकाची नोंदच त्यासाठी आहे. ती वाचा एकदा. भारत आणि पाकिस्तान ही दोन राष्ट्रं झाल्यामुळे मूळ ठिकाणाहून उठलेल्यांची मदत आणि पुनर्वसन, एवढंच तिथे लिहिलंय. म्हणजे हद्द ओलांडून आलेल्याचा विचार घटनेने केला. हद्दीच्या आत पळावं लागलेल्याला तिथे जागा नाही. १९५० साली ते कोणाच्या मनातही आलं नसेल. त्यानंतर मात्र किती वेळा वेळ आली ते बघा.

काश्मीर खोऱ्यातून १९९० साली पंडितांची घरंच्या घरं रातोरात निघाली. सरकारी कागदावर त्यांना नाव मिळालं 'मायग्रंट'. आपल्या भाषेत मायग्रंट कोण? दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन ऊसतोडीला जातो तो. त्याला घरी परत यायची वाट मोकळी असते. पंडितांना तो शब्द लावला की त्यांना घालवलं कोणी आणि त्यांचं रक्षण करायचं कोणाचं होतं, हे दोन्ही प्रश्न गळून पडतात. शब्द साधा आहे, पण सरकारच्या फार सोयीचा आहे.

आता न्याय म्हणून हेही सांगतो. पंडितांसाठी बरंच झालं. २०१८पासून माणशी महिना ३,२५० रुपये, कुटुंबाला जास्तीत जास्त १३,००० रुपये. जम्मूजवळ जगतीला वसाहत. नोकऱ्यांचं पॅकेज. महाराष्ट्राने नव्वदच्या दशकात त्यांच्या मुलांना व्यावसायिक महाविद्यालयांत जागा दिल्या. बाळासाहेब ठाकऱ्यांनी तो विषय लावून धरला होता. चांगलं काम झालं, त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण त्या नियमात नाव काश्मीरचं आहे, परिस्थितीचं नाही.

तिकडे ब्रू लोक बघा. १९९७ साली मिझोराममधून पळाले, त्रिपुरात कांचनपूरच्या छावण्यांत राहिले. मोठ्या माणसाला रोज ६०० ग्रॅम तांदूळ आणि ५ रुपये. महिन्याचे दीडशे झाले. देश एक, सरकार एक, घर सुटण्याचं दुःखही तेच. मग दीडशे आणि सव्वातीन हजार हा फरक कशाचा? २०१९च्या ऑक्टोबरात तर शिधाच बंद केला, लोकांनी परत जावं म्हणून. उपाशी ठेवून पाठवायचं आणि त्याला स्वेच्छेने परतणं म्हणायचं! शेवटी जानेवारी २०२०मध्ये करार झाला. सुमारे ३४,००० लोक, ६०० कोटी, प्रत्येक कुटुंबाला प्लॉट आणि चार लाखांची ठेव. करार चांगला आहे. पण तेवीस वर्षांनी आला. छावणीत जन्मलेलं पोर तोवर बाप झालं.

आणि तिसरे तर कुठल्याच यादीत नाहीत. आपल्या सिरोंचा-भामरागडच्या पलीकडे इंद्रावती ओलांडली की बस्तर. २००५ साली तिथे सलवा जुडूम सुरू झालं आणि सहाशेच्या वर गावं रिकामी झाली. काहींना रस्त्याकडेच्या छावण्यांत आणलं. हजारो लोक जंगलातून आजच्या तेलंगणात आणि आंध्रात गेले. तिथे त्यांना गोत्तीकोया म्हणतात. छत्तीसगडमध्ये ते अनुसूचित जमातीत, तेलंगणात नाहीत. वनखात्याच्या लेखी अतिक्रमण करणारे, म्हणून झोपड्या पाडल्या. सर्वोच्च न्यायालयाने ५ जुलै २०११ रोजी सलवा जुडूमची व्यवस्था घटनाबाह्य ठरवली, पण त्या निकालाने कोणाला घर परत मिळालं नाही. ज्याला उठवण्यात सरकारचाच हात, त्याची यादी सरकार कशाला करील?

थोडं विषयांतर करतो, पण एरंडोलात बोलतोय म्हणून राहवत नाही. आपण हे गाव म्हणजे एकचक्रानगरी मानतो, भीमाने बकासुराला मारलं ते पद्मालयाजवळ असं सांगतो. पांडव एकचक्रेला का आले होते? स्वतःच्याच राज्यात, स्वतःच्याच भाऊबंदांनी घरासकट जाळायचा कट केला म्हणून. नाव लपवून राहिले. राजाने विचारलं नाही, एका गरीब घराने ओसरी दिली, आणि त्या घराचीही राक्षसाकडे जायची पाळी आलेलीच होती. आजही हेच चालतं. पहिला आसरा देतो तो नातेवाईक, नाहीतर शेजारचं गाव, ज्याचं स्वतःचंच धड चाललेलं नसतं.

आपल्या शासकीय मराठीत एक शब्द आहे, 'सानुग्रह अनुदान'. कापूस गेला की आपण तो ऐकतो. सानुग्रह म्हणजे कृपेसह. कृपा करणारा केव्हा द्यायचं, किती द्यायचं, केव्हा थांबवायचं ते स्वतः ठरवतो. हक्काचं तसं नसतं. संयुक्त राष्ट्रांत १९९८ साली अंतर्गत विस्थापनाची तीस मार्गदर्शक तत्त्वं मांडली गेली. आपल्याला त्यात बाहेरच्यांच्या हस्तक्षेपाचा वास येतो. पण पहिली जबाबदारी त्या त्या देशाच्या सरकारची, असं तीच तत्त्वं म्हणतात. आफ्रिकी देशांनी २००९ साली कंपालाला त्यावर करारही केला. त्यांचं सार्वभौमत्व काही बुडालं नाही.

कोणी म्हणेल, प्रत्येक संघर्ष वेगळा असतो, एकाच कायद्यात कसा बसवणार? मग मणिपूर बघा. मे २०२३मध्ये हिंसा उसळली, साठ हजारांच्या आसपास लोक उठले. महाराष्ट्राने आपले विद्यार्थी विमानाने परत आणले, तिथल्यांना छावणी. कायदा नव्हता म्हणून सर्वोच्च न्यायालयाला निवृत्त न्यायमूर्ती गीता मित्तल यांची समिती नेमावी लागली. त्यात मुंबई उच्च न्यायालयाच्या निवृत्त न्यायमूर्ती शालिनी फणसळकर-जोशी होत्या. तपासावर देखरेखीला आपले माजी पोलीस महासंचालक दत्तात्रय पडसलगीकर. आणि न्यायालयाला आदेश कशाचे द्यावे लागले? जळालेली आधार कार्डं पुन्हा द्या, याचे. घर जळालं की कागद जळतो आणि कागद जळाला की माणूस रांगेतून बाहेर पडतो. हे काश्मिरातही तसंच, बस्तरातही तसंच. एवढं तरी एका कायद्यात नक्की बसतं.

भूसंपादन आणि पुनर्वसनाचा केंद्राचा कायदा २०१३ साली आला. महाराष्ट्राचा १९७६चा. तेव्हा आपण दिल्लीची वाट पाहिली नव्हती. कुठल्याही राज्यातून संघर्षामुळे आलेल्या कुटुंबाला इथे दाखला, शाळा आणि रेशन मिळेल, एवढा मसुदा आपल्या विधानसभेत मांडायला काय हरकत आहे, हे मला आपल्या आमदारांना विचारायचं आहे. प्रश्न असतील तर घेऊ या.