अभिप्राय की गुणपत्रिका?

आज पुण्याच्या घरगुती कचऱ्याबद्दल बोलायचं आहे. खरं तर कचऱ्यापेक्षा, त्याबद्दल नागरिकांना जे विचारलं जातं त्याबद्दल. आपलं कुणी ऐकत नाही, ही तक्रार जुनी झाली. आमची तक्रार वेगळी आहे. विचारलं जातं, पण अशा पद्धतीनं की मिळालेल्या उत्तराचं पुढे काहीच करता येत नाही.

'स्वच्छ सर्वेक्षण' घ्या. 2019 साली 5000 गुणांपैकी 1250 गुण नागरिकांच्या अभिप्रायाला होते, 2020 साली 6000 पैकी 1500. म्हणजे चक्क चौथा हिस्सा. आता प्रश्न बघा. तुमचं शहर या सर्वेक्षणात भाग घेतंय हे तुम्हाला माहीत आहे का, हा त्यातला एक! याला कुणी 'हो' म्हटलं, तर कुठल्या गल्लीतला कचरा कमी झाला? ओला-सुका वेगळा करून मागतात का, असाही प्रश्न होता. तो कामाचा होता. पण उत्तरं शहराच्या बेरजेत गेली की कुठल्या वाड्यात, कुठल्या वारी काय अडतं हे त्या आकड्यातून दिसत नाही. आणि अभिप्रायाला गुण लावले की ज्याची परीक्षा आहे त्याला उत्तरपत्रिका चांगली यावी असं वाटणारच. मग अडचण ऐकण्यापेक्षा शाबासकी गोळा करण्याकडे कल जातो. यात माणसांचा दोष कमी, मांडणीचा जास्त.

याच शहरात अभिप्रायाची दुसरी एक रीत आहे, आणि तिच्यावर जरा थांबायला हवं. 1993 साली कचरावेचकांची 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' उभी राहिली. त्यातून पुढे 'स्वच्छ' ही त्यांची सहकारी संस्था झाली आणि 2008 साली तिचा महापालिकेशी करार झाला. सभासद दारोदार जाऊन कचरा घेतात, घरटी महिन्याचं शुल्क घेतात, आणि सुक्या कचऱ्यातलं जे विकलं जाईल त्याचे पैसेही त्यांचेच. ही शेवटची गोष्ट फार महत्त्वाची. पुठ्ठा भिजलाय का, दुधाची पिशवी आंबलीय का, बाटलीत तेल राहिलंय का, यावर त्या बाईंची त्या दिवसाची कमाई ठरते. आपल्या घरच्या बादलीची एवढी बारकाईनं पाहणी दुसरं कुणीही करत नाही.

सॅनिटरी पॅड आणि डायपरचंच बघा. 2016 च्या घनकचरा नियमांनी सांगितलं की ते नीट गुंडाळून सुक्या कचऱ्याच्या डब्यात टाकावेत. कागदावर ठीक. पण सुका कचरा हातानं निवडला जातो! कागद आणि बाटली काढायला हात घालावा तर आत काय निघेल याचा भरवसा नाही. वेचक बायकांच्या या अनुभवातून 'लाल ठिपका' निघाला: वर्तमानपत्रात गुंडाळा, वर लाल खूण करा, वेगळं द्या. यंत्र नाही, निविदा नाही. अडचण नेमकी कुणाला, कुठल्या क्षणी येते हे कळलं, म्हणून उपाय इतका लहान झाला.

उलट बाजूनं रहिवाशांचंही एक वाक्य आहे. ते प्रत्येक सोसायटीच्या बैठकीत निघतं: "पुढे गाडीत सगळं एकत्रच करतात, मग आम्ही कशाला वेगळं करायचं?" अधिकारी याला सबब म्हणतात. आमच्या मते हा शहराला मिळालेला सगळ्यात मोलाचा अभिप्राय आहे, कारण तो खरा की खोटा हे तपासता येतं. गाडीत खरंच कप्पे आहेत का, ते वापरले जातात का, या भागातला ओला कचरा आज कुठं गेला? याची उत्तरं भागातल्या आरोग्य कोठीच्या फळ्यावर दर आठवड्याला खडूनं लिहिता येतील. शेजारी हेही लिहावं की सुका कचरा परत का करावा लागला. वेफर्सचं पाकीट कितीही धुतलं तरी भंगारवाला घेत नाही, हेही तिथं कळेल. मग तो प्रश्न गृहिणीच्या शिस्तीचा न राहता पाकीट बनवणाऱ्या कंपनीचा होईल.

आणि जे बोलतच नाहीत त्यांचं काय? सदाशिव पेठेत एका खोलीत चौघं राहून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी मुलं, रात्रपाळी करून सकाळी झोपणारे भाडेकरू. कचरा घ्यायला येतात सकाळी, तेव्हा यांचं दार बंद. यांना ना सोसायटी, ना सेक्रेटरी. ते तक्रार करत नाहीत, पिशवी कोपऱ्यावर ठेवून जातात. तो कोपरा दंडाच्या पाटीनं साफ होत नाही हे आपण सगळे रोज पाहतो. तिथं कुणीतरी उभं राहून एवढंच विचारायला हवं की संध्याकाळी किती वाजता आलेलं चालेल.