घुमाऱ्याचे व्याकरण

स्वतंत्र तबलावादनाविषयी लिहिताना दोन शब्द हमखास येतात : हिशेब आणि तयारी. दोन्ही गोष्टी आवश्यक खऱ्या, पण त्यांनी संगीत सिद्ध होत नाही. गाण्याचा सूर नाही, शब्द नाहीत. मग केवळ आघातांच्या ध्वनींतून रचना उभी राहते ती कशाच्या बळावर?

दिल्ली घराण्याचा एक सर्वपरिचित कायदा घेऊ : ‘धाधा तिट धाधा तिंना, ताता तिट धाधा धिंना’. या आठ मात्रा डग्ग्याला हात न लावता नुसत्या तबल्यावर वाजवून पाहाव्यात. पहिल्या चार आणि नंतरच्या चार मात्रांत काही फरक उरत नाही. कारण ‘धा’ आणि ‘ता’, ‘धिं’ आणि ‘तिं’ यांत उजव्या हाताचे काम एकच. फरक करतो तो डग्गा. त्याचा घुमारा चौथ्या मात्रेला जातो आणि सातवीला परततो. हिशेबाने दोन्ही भाग सारखे. कानाला मात्र पहिला भाग प्रश्न वाटतो, दुसरा उत्तर. भरी-खाली हे मोजण्याचे नव्हे, ऐकण्याचे तत्त्व आहे.

पलट्यांचा नियमही हेच सांगतो. कायद्याबाहेरचा बोल विस्तारात आणायचा नाही. रागात वर्ज्य स्वर जे काम करतो, तेच इथे हे बंधन करते : मोजक्या नादांची ओळख टिकवून त्यांचे नाते बदलत ठेवते. आणि आवर्तनाचा हिशेब? तो सारंगी किंवा हार्मोनियमवरचा नगमा सांभाळतोच. वादकाला त्या ओझ्यातून सोडवले आहे ते नादाकडे लक्ष देता यावे म्हणून.

एदगार वारेझच्या ‘आयोनिझासियाँ’शी तुलना इथे उपयोगी पडते. 1931 मध्ये पूर्ण झालेली आणि 1933 मध्ये न्यूयॉर्कला प्रथम सादर झालेली ही रचना तेरा वादकांसाठी आहे. तीत ढोल, झांजा, भोंगेसुद्धा आहेत. पियानो आणि घंटांसारखी निश्चित स्वरांची वाद्ये येतात ती अगदी शेवटी. नगमा सुरुवातीपासून जमीन अंथरतो, वारेझ स्वर अखेरपर्यंत राखून ठेवतो. मार्ग उलटे, पण दोघांची रचना ध्वनीच्या पोतावर उभी आहे.

या कसोटीवर आजच्या अनेक मैफली उण्या ठरतात. ध्वनिवर्धकातून डग्गा इतका फुगवला जातो की त्याची आस खालीतही रेंगाळते. उत्तर येण्याआधी प्रश्नच बुजतो. मग समेवर कोसळणारी चक्रदार तिहाई आणि वेग एवढेच टाळ्यांना कारण उरते. पेशकारातली सावकाश नादचर्चा आटोपती घेतली जाते. तिहाई दाद देण्याजोगी असतेच. पण ती वाक्याचा पूर्णविराम आहे. नुसत्या पूर्णविरामांनी निबंध होत नाही.

उस्ताद अहमदजान थिरकवाँ (निधन 1976) यांनी गंधर्व नाटक मंडळीत बालगंधर्वांच्या गायनाला साथ केली आणि स्वतंत्र वादनातही अढळ स्थान मिळवले. त्यांची ध्वनिमुद्रणे ऐकताना लक्षात राहतो तो प्रत्येक बोलाचा वेगळा, स्वच्छ नाद. वेग त्यानंतर जाणवतो.

समीक्षकाने तरी हा क्रम उलटवू नये. मैफल संपल्यावर तिहाया किती झाल्या हे विचारण्याआधी विचारावे : खाली ऐकू आली का?