कैफियतीतील नकार आणि प्रतिदावा : दिवाणी मराठीचे भाषिक परीक्षण

दिवाणी न्यायालयात दाखल होणाऱ्या लेखनाकडे भाषेच्या अभ्यासकांचे लक्ष क्वचितच जाते. वास्तविक वादपत्र, कैफियत आणि प्रतिदावा हे मराठी गद्याचे असे प्रकार आहेत की, ज्यांतील एका वाक्याच्या घडणीवर एखाद्याचे घर वा शेत अवलंबून असते. १९९८ साली महाराष्ट्र शासनाने दुय्यम न्यायालयांची भाषा मराठी ठरविली. पारिभाषिक शब्दांची चर्चा पुष्कळ झाली, कोशही झाले. परंतु या गद्याची खरी अडचण शब्दांची नसून वाक्यरचनेची, विशेषतः नकाराच्या व्याप्तीची आहे, असे आमचे मत आहे.

कैफियतीत हमखास आढळणारे वाक्य असे : ‘वादपत्राच्या कलम ३ मधील मजकूर खोटा व खोडसाळ असून तो या प्रतिवादीस मान्य व कबूल नाही.’ येथे नाकारले काय? ‘मजकूर’ या एका शब्दात करार, तारीख, रक्कम व वर्तन ही सारी कोंबली जातात. नेमका नकारही संदिग्ध असू शकतो. ‘प्रतिवादीने ५०,००० रुपये घेतले नाहीत’ या वाक्यात घेणेच नाकारले, की केवळ तेवढी रक्कम? बोलताना आघाताने हा भेद कळतो. कागदावर आघात उमटत नाही. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेने हे नेमके हेरले आहे. आदेश ८, नियम ४ नुसार विशिष्ट रक्कम घेतल्याचे कथन नाकारताना ती रक्कम वा तिचा कोणताही भाग घेतला नाही, असे म्हणणे आवश्यक आहे. नियम ५ नुसार जे स्पष्टपणे वा अपरिहार्य अर्थाने नाकारलेले नाही, ते सामान्यतः कबूल धरले जाते. भाषाशास्त्रज्ञ ज्याला नकाराची व्याप्ती म्हणतो, तीच येथे कायद्याचा विषय झाली आहे.

१९७६ च्या दुरुस्तीने नियम ६-अ आला आणि प्रतिदाव्यास स्वतंत्र दाव्याचे बळ मिळाले. तेव्हापासून एकाच लेखात प्रतिवादी नाकारतो आणि मागतोही. समजा, कंत्राटदाराने घरबांधणीच्या उरलेल्या २,००,००० रुपयांचा दावा लावला. छत गळते म्हणून घरमालकास दुरुस्तीखर्च हवा आहे. कैफियतीच्या आरंभी सवयीने ‘कराराबाबतचा सर्व मजकूर नाकबूल’ असे लिहिले गेले आणि पुढे प्रतिदावा मात्र त्याच कराराच्या भंगावर उभा केला, तर पहिले वाक्य दुसऱ्याचा पाया खणते. पर्यायी बचावास कायद्याची मुभा आहे. पण तो पर्यायी आहे, हे वाक्यानेच सांगावे लागते.

हा प्रश्न आपल्या परंपरेस अपरिचित नव्हता. याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायात, आपल्यावरील अभियोगाचे निरसन केल्यावाचून प्रत्यभियोग करू नये, असा नियम असून कलह व साहस यांपुरता अपवाद सांगितला आहे. उत्तराचे मिथ्या, संप्रतिपत्ती, कारण व प्राङ्न्याय असे चार प्रकारही धर्मशास्त्राने मानले. म्हणजे सरसकट इन्कार, कबुली आणि ‘घेतले, पण फेडले’ असे सकारण उत्तर यांतील भेद तेथे नावानिशी होता. आजच्या साच्याने या सर्वांवर ‘मान्य व कबूल नाही’ हे एकच झाकण ठेवले आहे.

या साच्यामागे वकिलांची भीती आहे, आणि ती अवास्तव नव्हे. एखादे कथन अनुत्तरित राहून कबूल धरले जाऊ नये म्हणून जाळे मोठे फेकले जाते. परंतु नियम ३ ला असा मोघम नकार पुरेसा वाटत नाही. म्हणून कैफियत लिहिताना प्रत्येक कथन सुटे करावे, जे खरे ते कबूल करावे आणि नाकारताना काय व किती हे सांगावे. प्रतिदावा स्वतंत्र शीर्षकाखाली, त्याचे कारण, मूल्यांकन व मागणी यांसह वादपत्राप्रमाणे मांडावा. विलंबही परवडणारा नाही. वादमुद्दे निश्चित झाल्यावर प्रतिदावा दाखल करता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केले आहे.

मराठी ही न्यायाची भाषा होण्यास समर्थ आहे की नाही, हा वाद आता जुना झाला. तिच्यात नेमके ‘नाही’ म्हणता येते. ते म्हणण्याची शिस्त मात्र अभ्यासकांनी व विधिज्ञांनी मिळून घडविली पाहिजे.