शब्दांवांचून गिटार

गिटार शिकणाऱ्या एका विद्यार्थ्यानें ‘अ‍ॅनिमल्स अ‍ॅज लीडर्स’ या अमेरिकन वाद्यवृंदाची २००९ सालची ध्वनिमुद्रिका ऐकवून माझा अभिप्राय विचारला. ‘प्रोग्रेसिव्ह मेटल’ पंथाचें हें वादन. त्यांत शब्द नाहींत. आठ तारांच्या गिटारवर तोसिन अबासी यांचीं बोटें क्वचितच विसांवतात.

गोंगाट म्हणून तें बाजूस सारणें सोपें, पण अन्यायाचें होईल. विषम मात्रांचा चोख हिशेब व दाणेदार सफाई यांची मोहिनी खरी आहे. लयकारींत रमणाऱ्या आपल्या श्रोत्यास ती परकी वाटूं नये.

उणीव निराळी आहे. १९६७ च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’मध्यें ब्रिजभूषण काबरा यांचीही गिटारच आहे. परंतु शिवकुमार शर्मांचें संतूर व हरिप्रसाद चौरसियांची बांसरी यांस वाट देत ती थांबते, आणि अहीरभैरवापासून पहाडीपर्यंत काश्मिरी मेंढपाळाचा दिवस शब्दांवांचून उभा राहतो. अबासींपाशीं विस्मय पुष्कळ, विसांवा थोडा. म्हणून रस मुरत नाहीं.

आमच्या भंडाऱ्यास पितळेचीं भांडीं घडतात. ठोके कितीही सफाईदार असोत, पाणी मावतें तें भांड्याच्या पोकळींत. एवढेंच मीं त्या विद्यार्थ्यास सांगितलें.