आतडे, मेंदू आणि एक घाईचे ‘म्हणून’

मेंदूला मार लागला की आतड्यातील जीवाणू बदलतात. म्हणून जीवाणू सुधारले की मेंदू बरा होतो. अशा आशयाचे लेखन अलीकडे विज्ञानाच्या नावाने वाचायला मिळते. त्यातील पहिले विधान प्रयोगावर उभे आहे, तर दुसरे केवळ ‘म्हणून’ या शब्दावर.

हा प्रश्न निव्वळ तर्कशास्त्राचा नाही. नगर–पाथर्डी रस्त्यावरील तिसगावसारख्या गावात दुचाकी घसरून डोक्याला मार लागणे ही दूरची गोष्ट नव्हे. तेथे चुकीचा निष्कर्ष महागात पडतो.

आधी प्रयोग पाहू. ट्रिएंगेन, विलापोल आणि सहकाऱ्यांनी २०१८ साली उंदरांच्या मेंदूला नियंत्रित इजा करून, इजेपूर्वीची आणि २४ तासांनंतरची विष्ठा तपासली. लॅक्टोबॅसिलस गॅसेरी यांसारख्या काही जाती घटल्या, काही वाढल्या. यात नवल नाही. मेंदू आणि आतडे स्वायत्त चेतासंस्थेने जोडलेले आहेत. इजेनंतर आतड्याची हालचाल मंदावते, अस्तर पाझरू लागते. तेथील जीवाणूंवर त्याचा परिणाम होणारच. प्रयोगाची मांडणी चोख आहे. पण त्यातला बाण मेंदूकडून आतड्याकडे जातो.

उलट्या बाणाचे काय? प्रतिजैविके देऊन जीवाणू घटवले, तर इजा झालेल्या उंदरांचे काय होते? पिट्सबर्गच्या गटाला २०२० साली अशा उंदरांची स्थिती अधिक चांगली आढळली. सेंट लुईसच्या गटाला २०२१ साली उलट दिसले : नव्या चेतापेशींची निर्मिती खालावली. औषध इजेपूर्वी दिले की नंतर, किती दिवस दिले, मोजमाप केव्हा केले, यांवर उत्तर बदलू शकते. निकाल परस्परविरोधी असताना एकच बाजू सांगणे हे विज्ञानप्रसाराचे काम नव्हे.

माणसांत गुंता आणखी वाढतो. जखमी रुग्णाला प्रतिजैविके मिळतात, अन्न नळीवाटे जाते, तो पडून राहतो. जीवाणू यांपैकी कशानेही बदलतात. शिवाय पुण्याच्या राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्रातील संशोधकांनी २०१६ साली दाखवले, की भारतीयांच्या आतड्यात प्रीव्होटेला आणि मेगास्फेरा यांचे प्रमाण अधिक असते. परदेशी प्रयोगशाळेतील उंदराचा निकाल भाकरी खाणाऱ्या माणसाला जसाच्या तसा लागू करता येत नाही.

संशोधनाची ही दिशा आशादायक आहे, यात शंका नाही. पण तिच्या भरवशावर कोणी जखमीला दही-ताक पाजत बसू नये. बेशुद्ध वा गुंगीतल्या माणसाला तोंडावाटे काहीही देणे धोक्याचे. त्याला तातडीने रुग्णालयात नेणे हाच उपाय. आणि त्याआधीचा उपाय हेल्मेट.

वर्गात हे वरील ‘म्हणून’ फळ्यावर लिहावे आणि विचारावे : ते खरे ठरवायला कोणता प्रयोग करावा लागेल? उत्तरे शोधताना कार्यकारणभाव म्हणजे काय, हे विद्यार्थ्यांना व्याख्येवाचून उमगेल.