नुसती नावं टिपून भागत नाही : लहानपणच्या दुखण्यांच्या शब्दयाद्यांविषयी

बडोदा, इंदूर, ग्वाल्हेर, बेळगाव, हैदराबाद अशा ठिकाणची मराठी मंडळी हल्ली घरच्या बोलीचे शब्द हौसेनं गोळा करतात. त्यांत लहान मुलांच्या दुखण्यांचे शब्द हमखास असतात. मांडणी ठरलेली: डावीकडे घरचा शब्द, मधे प्रमाण मराठी, उजवीकडे डॉक्टरी नाव, आणि शेवटी ‘गुजरातीवरून’ किंवा ‘हिंदीवरून’ असा शेरा. काम मोलाचं आहे, यात वाद नाही. पण या चार रकान्यांत क्रियापदाला जागाच नाही, आणि दुखण्याच्या शब्दाचा निम्मा अर्थ तिथंच असतो.

‘देवी’ घ्या. ‘देवी आल्या’ म्हणजे आजार झाला. ‘देवी काढल्या’ म्हणजे लस टोचली. नाम एकच, अर्थ मात्र उलटा. मुंबईत १८०२ साली तीन वर्षांच्या एका मुलीला देवीची लस टोचली गेली, ती भारतातली पहिली. त्यानंतरच्या कोणत्याही घरगुती पत्रात ‘देवी’ दिसल्या, तर आधी क्रियापद बघावं लागतं. नाहीतर लस घेतलेलं मूल आपण आजारी ठरवून बसू. ‘डोळे आले’, ‘तोंड आलं’, ‘कान फुटला’ यांत तर रोगाचं नावच नाही. सगळी भिस्त क्रियापदावर. मोल्सवर्थनं आपल्या कोशात (दुसरी आवृत्ती, १८५७) नामासोबत चालणारी क्रियापदं जागोजाग नोंदवली आहेत. दीडशे वर्षांहून जुना कोश जे करतो, ते आपल्या याद्यांनी का सोडावं?

आता शेवटचा रकाना. बडोद्याला गोवराला शेजारी ‘ओरी’ म्हणतात, कांजिण्यांना ‘अछबडा’. मराठी घरात ‘पोरीला ओरी निघाली’ असं कुणी म्हटलं, तर यादी ‘गुजराती शब्द’ म्हणून मोकळी होते. पण बघा, ‘गोवर निघाला’ मधला ‘निघणे’ जागेवरच आहे. नाम बदललं, त्याबरोबर लिंग बदललं. गुजरातीतही ओरी निघतेच. मग उसनं काय आणि सामायिक काय? ‘डोळे येणे’ला गुजरातीत ‘आंख आववी’, हिंदीत ‘आँख आना’. इथं कुणी कुणाकडून घेतलं हे एका शेऱ्यानं ठरत नाही.

डॉक्टरी नावाचा रकानाही फसवा आहे. आपला डांग्या खोकला इंदूर-ग्वाल्हेरच्या शेजारात ‘काली खाँसी’, बेळगावकडच्या कन्नडात ‘नायीकेम्मु’, म्हणजे कुत्राखोकला. एकानं रंग दिला, दुसऱ्यानं आवाज ऐकला. सगळ्यांसमोर एकच वैद्यकीय नाव लिहिलं की हा फरक पुसला जातो.

सर्वांत मोठी अडचण काळाची. ‘माता आली होती’ असं आजी सांगते. ती देवीची की कांजिण्यांची? हिंदीभाषक शेजारात बडी माता, छोटी माता असा भेद होता. पण देवीचा भारतातला शेवटचा रुग्ण १९७५ मधला, आणि १९८० साली जागतिक आरोग्य संघटनेनं रोग जगातून गेल्याचं जाहीर केलं. त्यानंतर ‘माता’ म्हटलं की बहुधा कांजिण्याच. म्हणून सांगणाऱ्याचं जन्मसाल न लिहिता नोंदवलेला हा शब्द इतिहासाच्या कामाचा राहत नाही.

देवी अंगावर काढलेली, हा भेद सांगू शकणारी माणसं आता कमी उरली आहेत. त्यांच्याकडे जाताना रिकामे रकाने नकोत. अख्खं वाक्य त्यांच्याच तोंडचं उतरवून घ्यावं: काय आलं, काय निघालं, काय काढलं. कुणाला, कोणत्या गावी, साधारण कोणत्या साली, चेहऱ्यावर व्रण राहिले का, दंडावर लशीची खूण आहे का, हे विचारावं. शब्द कोणत्या भाषेतला, ते मागाहूनही ठरवता येईल. सांगणारं माणूस मात्र मागाहून सापडणार नाही.